स्वादुपिंडाचा कॅन्सर: बटण झाकलं, तरी मोटार का थांबली नाही?

मागच्या आठवड्यात मावसभावाने एक बातमी पाठवली: स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर नवं औषध. खाली एकच प्रश्न होता, "दादा, हे बाबांना चालेल का?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे हो किंवा नाही सांगणं माझं काम नव्हतं. पण अशी औषधं नेमकी कुठे काम करतात, ते त्याला समजावलं. तेच इथे लिहितोय.

आपल्या पेशी आपल्या मनाने वाढत नाहीत. ‘वाढ’ असा निरोप बाहेरून यावा लागतो. तो आणणारं प्रथिन म्हणजे ग्रोथ फॅक्टर आणि पेशीच्या पृष्ठभागावर तो घेणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. शेतातल्या पंपाचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणा. ग्रोथ फॅक्टर म्हणजे बोट, रिसेप्टर म्हणजे हिरवं बटण. बटण दाबलं की आतले पॉइंट जुळतात आणि मोटार फिरते. पेशीत पॉइंटचं हे काम केआरएएस नावाचं प्रथिन करतं. निरोप आला की चालू, काम झालं की बंद.

स्वादुपिंडाच्या अनेक गाठींमध्ये ईजीएफआर हा रिसेप्टर प्रमाणाबाहेर सापडतो. मग हे बटणच निकामी करू, असा विचार झाला. एर्लोटिनिब हे त्यासाठीचं औषध 569 रुग्णांच्या चाचणीत जेमसायटाबिन या केमोच्या जोडीला दिलं गेलं. रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक 5.91 महिन्यांवरून 6.24 महिने झाला. म्हणजे जेमतेम दहा दिवसांची भर! संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक टिकला, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2005 मध्ये मान्यता दिली. पुढे ईजीएफआरवरचं सेटुक्सिमॅब आणि दुसऱ्या एका ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरवरचं गॅनिटुमॅब, दोन्ही मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढवू शकली नाहीत.

असं का झालं? एकमेव नसलं तरी मोठं कारण हे, की या कॅन्सरच्या 90 टक्क्यांहून जास्त रुग्णांच्या गाठीत केआरएएसचं जनुक बिघडलेलं असतं. पॉइंट आतच चिकटलेले! मग बटण झाकून मोटार कशी थांबणार?

आता ताज्या बातम्या याच नजरेने पाहू. डॅराक्सोनरासिब ही गोळी बटणाला हात लावत नाही, थेट चालू अवस्थेत अडकलेल्या पॉइंटवर बसते. जून 2025 मध्ये एफडीएने तिला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला, तोही आधी उपचार झालेल्या, आजार पसरलेल्या आणि केआरएएसमध्ये ठरावीक बिघाड असलेल्या रुग्णांसाठी. हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे. त्याने तपासणीची प्रक्रिया वेगवान होते, एवढंच. बातम्यांमध्ये हा फरक हमखास गाळला जातो.

दुसरं औषध झेनोक्युटुझुमॅब. त्याला डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली आणि ते रिसेप्टरवरच काम करतं. मग हे कसं चाललं? कारण ते एनआरजी1 या ग्रोथ फॅक्टरचं जनुक दुसऱ्या जनुकाला चुकून जोडलं गेलेल्या गाठींसाठी आहे. तिथे सहसा केआरएएस ठीक असतं, बोटच बटणावरून हलत नाही. पण असे रुग्ण फारच थोडे, शंभरात एकही भरत नाही.

म्हणून ‘नवं औषध’ वाचलं की पहिला प्रश्न औषधाचा नको, गाठीचा हवा: हिच्यात बिघाड कुठे आहे? त्याचं उत्तर गाठीच्या जनुकीय तपासणीत मिळतं. एनआरजी1 चा जोड शोधायला आरएनएची तपासणी जास्त उपयोगी पडते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

रात्री भावाचा फोन आला. त्याने फाईल उघडून बघितली होती. बायोप्सीचा रिपोर्ट आहे, सीटी स्कॅन आहे, जनुकीय तपासणी मात्र नाही. सोमवारी तो डॉक्टरांना तेवढंच विचारणार आहे.