उशिरा भरलेलं थिएटर

१२ ऑक्टोबर २०१८ला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ लागला आणि पुरेसा प्रेक्षक न मिळताच उतरला. भयपट म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी तो पाहिलाच नाही.

त्यांचं काय हुकलं? न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि दोरावरून विहिरीत उतरणारा विनायक. जवळ कणकेची बाहुली. शापित देव हस्तर ती खाण्यात गुंतला, की तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओढायच्या. भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकांना ही भीती घरचीच. ती दचकवणाऱ्या आवाजांवर नाही, माणसाच्या हावेवर उभी आहे; म्हणून टिकते.

सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.

अशाच दुर्लक्षित चित्रपटांचा हा अंक आहे. वाचा, आणि त्यातला एखादा थिएटरात आलाच, तर चुकवू नका.