कडू लागते म्हणजे नक्की काय?

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावताना आपण सगळेच तोंड वाकडे करतो. पण तुमच्या जिभेवरचा कडूपणा आणि माझ्या जिभेवरचा कडूपणा एकच असतो का?

1931 साली आर्थर फॉक्स हा अमेरिकन रसायनतज्ज्ञ ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत एक पूड बाटलीत भरत होता. थोडी उडाली. शेजारचा सहकारी कुरकुरला, "केवढी कडू!" फॉक्सला मात्र काहीच चव लागली नाही. ती पूड म्हणजे पीटीसी. पुढे कळले, की हा फरक बराचसा आईबापांकडून येतो. त्यामागचे मुख्य जनुक 2003 साली सापडले. मग मानवशास्त्रज्ञ पीटीसी घेऊन गावोगाव फिरले. आपल्या देशातल्या कितीतरी जातीजमातींच्या जिभा अशा तपासून झाल्या आहेत.

कचेरीच्या कामाने भोपाळला गेलो होतो, तेव्हा श्यामला टेकडीवरचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पाहिले. वेगवेगळ्या जमातींची घरे तिथे उघड्यावर उभी आहेत. घरे, भांडी, देव, सगळे पाहता येते. जिभेवरची चव तेवढी मांडून ठेवता येत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक.

म्हणूनच मला वाटते, पानात कारले टाकणाऱ्या पोराला "नखरे करतो" म्हणून दटावणे बरे नव्हे. कदाचित त्याला ते आपल्यापेक्षा खरोखरच जास्त कडू लागत असेल. जिभेवर कडूसाठी सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. पीटीसीचा वेगळा, कारिटाचे वेगळे. त्यामुळे एका कागदाच्या पट्टीवरून कोणाच्या जिभेला नावे ठेवू नयेत, आणि बापलेकाचे नाते तर मुळीच ठरवू नये.

"कडू तेवढे औषधी" ही समजूतही सांभाळूनच घ्यावी. काढेकिराईत पिऊन आपण वाढलो हे खरे. पण 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू लागणारा रस पिऊ नये असेच सांगितले. कडू चव ही मुळात राखणदार आहे. राखणदाराने हाक मारली तर ऐकावी.

आपल्या पूर्वजांनी कारीट जिभेला नुसते लावायला सांगितले, वाटीभर प्यायला नाही. त्यांचे प्रमाणाचे भान मला जास्त शहाणपणाचे वाटते. तुम्हाला काय वाटते?