तीसची रेघ कुणी ओढली?

भिवंडीतल्या एका वस्तीच्या बैठकीत एका बाईने पिशवीतून चुरगळलेला रिपोर्ट काढला. ती लूमच्या कारखान्यात कांड्या भरते. ‘ड जीवनसत्त्व 14’, शेजारी ‘30 ते 100’, आणि 14 खाली ठळक रेघ. लॅबवाल्याने सांगितलं, हाडं पोकळ झाली. नवरा म्हणाला, घरात बसून राहतेस म्हणून. दिवसाचे दहा तास कांड्या भरणारी बाई घरात बसून राहते!

मैत्रिणींनो, आधी हा कागद वाचायला शिकू या. ही तपासणी हाडांची नाही. रक्तातला ड जीवनसत्त्वाचा साठा ती मोजते, तोही एका मिलिलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम, असा. दुसऱ्या लॅबमध्ये एकक नॅनोमोल असेल तर हाच 14 तिथे 35 होतो. म्हणून आकड्याआधी एकक बघा.

आणि ही 30 ची रेघ? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2010 च्या अखेरीस सांगितलं की बहुतेक सर्व माणसांना 20 पुरतात, धोका 12 च्या खाली. 2011 मध्ये तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने 30 हवेत म्हटलं. लॅबच्या कागदांवर 30 च छापलं गेलं. 2024 मध्ये त्याच सोसायटीने ती रेघ मागे घेतली आणि निरोगी माणसांनी ही तपासणी सरसकट करू नये, असंही सांगितलं. पॅकेज विकणाऱ्यांच्या कानावर हे अजून गेलेलं दिसत नाही.

म्हणून 14 म्हणजे काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तो कमीच आहे. या बाईला उकिडवं बसून उठताना मांड्या भरून येतात, कंबर आणि नडग्या ठणकतात. हाडं मऊ पडण्याची ही लक्षणं असू शकतात. तेव्हा डॉक्टरांकडे कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या तपासण्यांबद्दल विचारायला हवं. ‘बायकांचं दुखणं’ म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन परत यायचं नाही.

औषधाबद्दल एक सांगते. 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चिठ्ठीवर कधी, किती आठवडे, हे मराठीत, हिंदीत, उर्दूत, जे वाचता येईल त्यात लिहून मागा.

राहिलं ऊन. ‘सकाळी कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला सगळे देतात. पण सावली आपल्यापेक्षा लांब असते तेव्हा त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, काचेतून तर नाहीच. लागतं ते दुपारचं ऊन, आणि सावळ्या कातडीला जास्त वेळ. त्या वेळी आपल्या बायका कुठे असतात? लूमच्या गाळ्यात, गोदामात पॅकिंगला, नाहीतर अंधाऱ्या खोलीत धागे कापत. बुरख्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. कारखान्यातल्या अनेकींच्या अंगावर साडी असते, आणि ऊन त्यांनाही मिळत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही जेवणाच्या सुट्टीचा विषय घेतला आहे. त्या कारखान्याला मोठी गच्ची आहे. किल्ली मालकाकडे असते.