आधी दोष शोधा, मग सोल्डर तापवा

घरी जोडलेला गिटारचा फझ पेडल मुका राहिला की सगळे खापर ट्रान्झिस्टरवर फुटते. तो बदलतात, पेडल तरी मुकाच! बडोद्याच्या फतेगंजातल्या हौशी वादकांना शेजारच्या विद्यापीठात हवी ती शिस्त मिळू शकते: भाग बदलण्याआधी सिग्नल कुठे अडला ते पाहायचे. अँप्लिफायरच्या वायरीला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून इनपुटपासून पुढे एकेक सांधा चाचपावा; आवाज जिथे बंद पडतो, तिथेच आसपास दोष असतो. मग मल्टिमीटर. फझ फेस या पेडलसारख्या सर्किटात ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला साधारण ४.५ व्होल्ट हवेत. जवळजवळ ९ दिसले तर त्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहतच नाही. कित्येकदा तर बॅटरीची ऋण वायर स्टिरिओ जॅकच्या चुकीच्या टोकाला जोडलेली असते आणि ट्रान्झिस्टर बिचारा निर्दोष!

तयार पेडल स्वस्त मिळतो, मग ही डोकेफोड कशाला, हा आक्षेप हिशेबापुरता बरोबर आहे. पण तयार डबा बंद पडला की तोही उघडून तपासावाच लागतो. तपासण्याचे हे काम हातानेच शिकावे लागते. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले ते हाताला काम शिकवायला. आज तिथे याच विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. तिथल्या प्रात्यक्षिकात चालू सर्किटाइतकेच गुण बंद सर्किटातला दोष पुराव्यासह दाखवणाऱ्यालाही द्यावेत.