एक पेटी, अनेक खेळ

पिनबॉलचे यंत्र घरी आणायचे म्हणजे एका खेळासाठी खोलीचा कोपरा कायमचा देऊन टाकायचा. मन भरले की विका, नाहीतर दुसऱ्या यंत्रासाठी जागा शोधा. टेक्सासमधल्या मल्टिमॉर्फिक या छोट्या कंपनीच्या ‘पी-थ्री’ या यंत्रावर शौकीन फिदा आहेत, ते उगाच नाही.

यात पेटी, गोळी टोलवणारे फ्लिपर आणि संगणक तेच राहतात. रॅम्प आणि खेळण्यांचा मागचा भाग तेवढा ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा. काही मिनिटांचे काम. फ्लिपरसमोर लाकडी फळीऐवजी पडदा असतो. त्यावरून पोलादी गोळी खरोखर धावते, इन्फ्रारेड किरणे तिचा माग काढतात आणि ती जिथून जाईल तिथले चित्र बदलते. यावरच्या ‘हाइस्ट’ या खेळात दरोड्याच्या कथेसाठी चक्क हलणारी क्रेन बसवली आहे!

कल्पना अगदी कोरी नव्हे. पिनबॉल यंत्रे बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने 1999 मध्ये ‘पिनबॉल 2000’ आणले, तेही खेळ बदलता येईल असेच. दोन खेळ निघाले आणि त्याच वर्षी कंपनीने पिनबॉलचा धंदाच गुंडाळला.

लाकडावरच्या रंगीत चित्रकलेची सर पडद्याला येत नाही, ही जुन्या खेळाडूंची कुरकुर रास्तच आहे. शिवाय मागच्या नव्या भागासह येणारा मोठा खेळ हजारो डॉलर मागतो. तरीही पी-थ्रीचे पारडे जड वाटते, कारण कंपनीने खेळ लिहिण्याची साधने बाहेरच्यांनाही खुली केली आहेत. हौशी प्रोग्रामरला आता सुतारकामापासून सुरुवात करावी लागत नाही.