दात काढायचा की वाचवायचा?

डेंटिस्टच्या खुर्चीवर “हा दात काढावा लागेल” असं ऐकलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण म्हणतात, “काढून टाका, कटकट नको.” काही जण घाबरून घरी येतात आणि दाढेत लवंग ठेवून महिनोन् महिने ढकलतात. दोन्हींमध्ये नुकसान आपलंच. म्हणून आज समजून घेऊया, दात काढण्याचा सल्ला नेमका कधी आणि का दिला जातो.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. दात दुखतो, एवढ्यावरून तो काढायची वेळ आली असं होत नाही. कीड वरच्या थरापुरती असेल तर फिलिंगने काम भागतं. ती आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल तर रूट कॅनाल करून, वर कॅप बसवून दात वाचवता येतो. हे शक्य नसेल तेव्हाच काढण्याचा विषय येतो.

दात कधी काढावा लागतो?

कीड फार खोल गेली असेल तर: दाताचा वरचा भाग इतका झिजून-तुटून जातो की कॅप बसवायलाही आधार उरत नाही. मूळ उभं तडकलं असेल तर रूट कॅनालचाही सहसा उपयोग होत नाही.

हिरड्यांचा आजार वाढला असेल तर: दाताभोवती साचलेल्या कीटणामुळे हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. बाहेरून दात अगदी पांढरा, न किडलेला दिसतो, पण हलायला लागतो. तंबाखू, मिश्री आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे हा आजार वाढतो.

अक्कलदाढ अडकली असेल तर: ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती आडवी किंवा अर्धवट बाहेर येते. तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न अडकून सूज येते, तोंड उघडत नाही, शेजारची दाढही किडते. मात्र सरळ आलेली, साफ करता येणारी आणि त्रास न देणारी अक्कलदाढ उगाच काढायची गरज नसते.

दात वेडेवाकडे असतील तर: ब्रेसेस लावण्यापूर्वी कधी कधी जागा करण्यासाठी चांगल्या उपदाढा काढाव्या लागतात. “चांगला दात कशाला काढता?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. तो डॉक्टरांना जरूर विचारा आणि जबड्याचा एक्स-रे समोर ठेवून उत्तर समजून घ्या.

मोठ्या उपचारापूर्वी: तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घ्यायचं असेल, तर वाचण्यासारखे नसलेले दात आधीच काढतात. रेडिएशननंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.

पालकांनो, सहाव्या वर्षीची दाढ ओळखा

मूल साधारण सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी कुठलाच दात पडलेला नसतो. त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी “पडेल आपोआप” म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नाही. ती कायमची आहे. दुधाचे दातही किडले म्हणून बिनधास्त काढायचे नसतात, कारण ते खालून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात.

नजर अधू होते का?

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकत आलो आहोत. ते खरं नाही. दातांच्या संवेदना वाहून नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. वय वाढतं तसे दातही पडतात आणि चष्म्याचा नंबरही लागतो, म्हणून दोघांचा संबंध जोडला गेला असावा. या भीतीपोटी पू झालेली दाढ तशीच ठेवणं जास्त धोक्याचं आहे. जबड्याखाली किंवा मानेवर सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

काढण्यापूर्वी हे विचारा

हा दात वाचवता येईल का? वाचवला तर किती वर्षं टिकण्याची शक्यता आहे? काढला तर त्या जागी काय बसवायचं? रिकामी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा दात लांबत जातो. इम्प्लांट, ब्रिज किंवा काढ-घाल करता येणारी कवळी, हे पर्याय आधीच समजून घ्या. खर्चाची अडचण असेल तर ती मोकळेपणाने सांगा. मुंबई, नागपूर, इंदूर, बंगळुरू अशा शहरांतल्या सरकारी दंत महाविद्यालयांत हे उपचार बरेच स्वस्तात होतात.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

काढल्यानंतर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिले २४ तास चूळ भरू नका, जोराने थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठच जखम भरून काढते, ती निघू द्यायची नाही. दहीभात, थंड खीर, मऊ खिचडी कोमट करून खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. सिगारेट आणि तंबाखू या काळात पूर्ण बंद. दोन-तीन दिवसांनी वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या, तर पुन्हा दाखवा.

“दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत” ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. चण्यांचं काय ते नशिबावर सोडा, दातांचं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे. रात्रीचा ब्रश आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढं पाळलंत तर हा लेख तुम्हाला पुन्हा उघडावा लागणार नाही.