धानाच्या बांधीतले कान्हा

१ ऑक्टोबरला कान्हाची फाटके उघडतात. जुलै ते सप्टेंबर बंद असलेल्या मुक्की, खटिया आणि सरहीच्या रस्त्यांवर पुन्हा जिप्सी धावू लागतात, सालाची झाडे नुकतीच धुऊन निघालेली असतात, गवत माणसाच्या कमरेच्या वर गेलेले असते. लगेच २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह येतो आणि शाळाशाळांतून चित्रकला, घोषणा, प्रभातफेऱ्या होतात. कान्हावर माया असणाऱ्या प्रत्येकाला हे दिवस सणासारखे वाटतात, आणि वाटलेच पाहिजेत. तरीही माझे म्हणणे असे की, दक्षिण बालाघाटातल्या किरनापुर-लांजीकडच्या माणसाला कान्हासाठी खरोखर काही करायचे असेल, तर त्याने हा महिना बैहरचा घाट चढून मुक्कीच्या फाटकावर घालवू नये. तो आपल्याच शिवारातल्या धानाच्या बांध्यांत घालवावा. कान्हाचे या वर्षीचे बरेवाईट ज्या गोष्टींवर ठरणार आहे, त्यांतली एक मोठी गोष्ट ऑक्टोबरच्या रात्री इथेच घडते.

हलका धान दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो, भारी धान त्यानंतर. लोंबीत दूध भरले की रानडुकरे जंगलाच्या कडेने खाली उतरतात. ती खातात त्याहून जास्त तुडवतात. एका रात्रीत अर्धी बांधी आडवी होते. चार महिने चिखलात राबलेल्या कुटुंबाने मग महिनाभर जागल करायची. ज्याच्या घरात जागणारा माणूस नाही, तो करंट लावतो. हातभर बांबूच्या खुंट्या, त्यांवर बाटल्यांचे फुटके गळे आणि गुडघ्याच्या उंचीला ओढलेली बाइंडिंगची बारीक तार. तिचे दुसरे टोक शेतावरून गेलेल्या ११ केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून अडकवलेले. अंधार पडला की तार लागते, उजाडायच्या आत गुंडाळली जाते. दवाने ओली झालेली जमीन करंटला वाटच करून देते. त्या तारेला काय शिवले हे ती विचारत नाही. डुक्कर मरते, चितळ मरते, शेजारच्या बांधीत पाणी बघायला निघालेला माणूस मरतो आणि वाघही मरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वाघ कान्हात, आपण इथे, किरनापुरच्या शेतातल्या तारेचा त्याच्याशी काय संबंध? संबंध वाघाच्या वयाशी आहे. दोन वर्षांच्या आसपासचा नर आईला सोडतो आणि स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. २०२२ च्या गणनेत कान्हा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत १०५ वाघ असल्याचा अंदाज निघाला. जुन्या नरांनी व्यापलेल्या ९४० चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात या पोरांना जागा मिळत नाही. ती बाहेर पडतात, पश्चिमेला पेंचकडे किंवा दक्षिणेला नवेगाव-नागझिऱ्याकडे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातले व्याघ्रमार्ग नकाशावर मांडले, त्यात कान्हा ते नवेगाव-नागझिरा, पुढे ताडोबा आणि इंद्रावती हा एक सलग मार्ग आहे. आपला दक्षिण बालाघाट त्याच्या ऐन वाटेवर पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांची जनुके तपासली गेली. या चारही ठिकाणच्या वाघांमध्ये रक्ताची देवाणघेवाण चालू आहे आणि ती मधल्या जंगलांच्या आधारावर टिकून आहे, असे त्यातून दिसले. मधली जंगले म्हणजे कोणाची? ज्यांच्यावर उद्यानाची पाटी नाही, ज्यांच्या कडेला धान आहे, ती.

या वाटेने वाघ पोहोचले नाहीत की काय होते, हे नागझिऱ्याने दाखवले आहे. २०१३ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला, जंगल उत्तम, पण वाघ मोजकेच. शेवटी मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी पकडून, गाडीत घालून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. आणि तार काय करते, तेही याच भागाने पाहिले आहे. नागझिऱ्यात जन्मलेला जय २०१३ मध्ये चालत उमरेड-कऱ्हांडल्याला पोहोचला आणि तिथे त्याने घराणे उभे केले. त्याचा मुलगा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ शेतातल्या करंटच्या तारेने गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण अशाच कुंपणाला लागून मेली, तिच्याही गळ्यात कॉलर होती. गळ्यात कॉलर होती म्हणून या दोघांचा माग लागला. ज्यांच्या गळ्यात काही नसते, ते रातोरात बांधाखाली पुरले जातात आणि मोजणीत फक्त ‘दिसला नाही’ एवढेच उरते.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो शेतकऱ्याचा आहे. वाघाचे कौतुक शहराला, नुकसान आम्हाला; आम्ही का सोसावे? हा प्रश्न कान्हाच्या जन्माइतका जुना आहे. १९७० च्या सुमारास तिथे कठीण जमिनीवरचा बारशिंगा ६६ वर आला होता. आज तो हजाराच्या घरात आहे आणि इथून सातपुडा, बांधवगडपर्यंत पाठवला गेला आहे. हे कशाने झाले? जंगलातली गावे उठली, त्यांच्या शेतांची गवताळ मैदाने झाली आणि त्या गवतात बारशिंगा वाढला. म्हणजे कान्हाचे पहिले आणि सर्वांत मोठे देणगीदार बैगा आणि गोंड शेतकरी आहेत. त्यांना त्याचे पुरेसे मोल मिळाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणूनच आजच्या शेतकऱ्याला नुसते ‘तार लावू नका’ सांगून चालणार नाही.

त्याच्या हाती काय आहे ते पाहू. मध्य प्रदेशात जंगली जनावराने केलेल्या पीकहानीची भरपाई वनखाते देत नाही, महसूल खाते देते, राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली. पटवारीचा पंचनामा लागतो, टक्का ठरतो, मग रक्कम. बाघ नदी ओलांडून गोंदियाकडे गेले की त्याच डुकराच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज होतो, आणि जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदानही आहे. डुकराला सीमा ठाऊक नाही, अर्जाला मात्र आहे. शिवाय पूर किंवा गारपीट एकदाच येते आणि डोळ्यांना दिसते. डुक्कर रोज थोडे थोडे नेते, पटवारी येईपर्यंत पडलेला धान कुजून गेलेला असतो. ही पद्धत आपत्तीसाठी बनली, डुकरासाठी नाही. ती बदलण्याची मागणी करणे हे कान्हासाठी केलेले काम आहे, आणि ती मागणी पर्यटकापेक्षा किरनापुरच्या माणसाने केली तर भोपाळला ती झटकता येणार नाही.

पर्यटनाने पैसा येतो, रोजगार येतो, असे कोणी म्हणेल. येतो, आणि मुक्कीच्या आसपासच्या गावांना त्याचा आधार आहे. पण तो फाटकाभोवतीच फिरतो. वाटेवरच्या गावाला वाघ जाताना काहीच देऊन जात नाही.

म्हणून या वर्षीच्या ऑक्टोबरात जे करता येईल ते इथलेच आहे. सौर कुंपण आणि करंटची तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौकाचौकांत सांगितले पाहिजे: सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, डुक्कर पळते, मरत नाही. ज्यांच्या घरी जागलीला माणूस नाही, त्यांच्या बांध्या गावाने पाळीपाळीने राखाव्यात. शेजाऱ्याची राखण ही या भागाला नवी गोष्ट नाही. पंचनाम्याचा अर्ज लोकसेवा केंद्रात भरून देणारी चार शिकलेली पोरे प्रत्येक गावात आहेत. वन्यजीव सप्ताहाच्या प्रभातफेरीइतकाच वेळ त्याला लागेल. आणि एक गोष्ट वीजवाल्यांच्या हातची आहे. आकड्याला काही चिकटले की बहुतेकदा फीडर ट्रिप होतो आणि उपकेंद्रातला ऑपरेटर त्याची वेळ नोंदवून ठेवतो. रात्री दोनला ट्रिप झालेल्या फीडरची खबर तेव्हाच बीटगार्डला मिळाली, तर तो तार गुंडाळली जायच्या आत त्या बांधावर पोहोचू शकतो. त्यासाठी नवे यंत्र नको, नवा कायदा नको. एका खात्याने दुसऱ्याला एक फोन करायचा आहे, आणि तो भारी धान कापून होईपर्यंत रोज रात्री करायचा आहे.